कणगीचं दार

आमच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर पंधरा वर्षं एक दार टांगलेलं होतं. दार म्हटलं तरी हातभर उंच आणि दीड वीत रुंद. त्यातून मोठं माणूस जाणार नाही. फार तर एखादं किडकिडीत पोर खांदे आकसून आत सरकेल. फळीवर माणसांच्या ओळी कोरलेल्या. सगळी सारखी, गुडघ्यांत किंचित वाकलेली, शाळेत प्रार्थनेला उभी केल्यासारखी. एका बाजूला लाकडाचंच कुलूप आणि त्या कुलपाच्या डोक्यावर शेजारी-शेजारी बसलेलं जोडपं. पाहुणे विचारायचे, "हे कुठलं हो?" मी म्हणायचे, "मालीचं." "माळ्यावर सापडलं?" असं नात्यातल्या एका आत्यांनी अगदी मनापासून विचारलं, तेव्हापासून मी नुसतं "आफ्रिकेतलं" म्हणायला लागले.

ते दार घराचं नव्हे, कणगीचं. मालीच्या मध्यभागी बांदियागारा नावाचा लांबलचक कडा आहे. त्याच्या पायथ्याशी, कुशीत आणि माथ्यावर दोगोन लोकांची गावं आहेत. युनेस्कोने १९८९ साली हा सगळा मुलूख जागतिक वारसा म्हणून नोंदवला, तेव्हा त्यात २८९ गावं मोजली होती. या कड्याचे फोटो पुष्कळांनी कधी ना कधी पाहिलेले असतात: लाल भिंत, भिंतीच्या खोबणीत चिकटलेली मातीची घरटी आणि खाली टोकदार गवती टोप्या घातलेले मनोरे. बघणाऱ्याला वाटतं, माणसं या मनोऱ्यांत राहतात. मलाही तसंच वाटलं होतं. पण ते मनोरे म्हणजे कणग्या. माणसं शेजारच्या बसक्या धाब्याच्या घरांत राहतात; उंच, देखणं, टोपीवालं घर त्यांनी धान्याला दिलेलं आहे.

२००९ आणि २०१० अशी दोन वर्षं मी मालीच्या राजधानीत, बामाकोत होते. एका भारतीय कंपनीला फ्रेंच बोलणारी दुभाषी हवी होती आणि मला पुण्यातल्या शिकवण्यांचा कंटाळा आला होता, एवढंच त्यामागचं कारण. जानेवारी २०१०मध्ये चार दिवसांची सुटी जुळून आली आणि ऑफिसातल्या दोघा सहकाऱ्यांबरोबर मी निघाले. बामाकोहून सेवारे सहाशे किलोमीटरच्या वर, तिथून बांदियागारा गाव आणखी साठेक. हारमातानचे दिवस होते, म्हणजे सहाराकडून वारा येतो आणि येताना वाळवंटाची चाळणी करून बारीक पीठ घेऊन येतो. दात, पापण्या, कॅमेरा, सगळ्यात तेच. ऊन पातळ ताकासारखं दिसत होतं.

बांदियागारात वाटाड्याने आम्हाला पहिली खरेदी करायला लावली ती कोलाच्या बियांची. कडवट असतात, तासन्‌तास चघळायच्या. गावात शिरताना म्हाताऱ्यांच्या हातावर ठेवायच्या. पानाचं तबक पुढे झाल्याशिवाय आपल्याकडे बोलणं सुरू होत नसे, तसंच. दुसरी गोष्ट त्याने शिकवली ती एकच शब्द: सेओ. वाटेत भेटलेला माणूस विचारतो, तू बरा? सेओ. घरचे बरे? सेओ. पोरं बरी? आई बरी? गुरं बरी? सेओ, सेओ, सेओ. मग दुसरा तीच यादी उलट बाजूने सुरू करतो. गंमत म्हणजे हे थांबून होत नाही. माणसं एकमेकांना ओलांडून पुढे गेलेली असतात, पाठमोरी झालेली असतात आणि चौकशी चालूच असते. शेवटचं 'सेओ' वळणाआडून ऐकू येतं. माझ्या आजोळी बांधावरून असंच ओरडून विचारत. फक्त तिथे उत्तराची वाट बघायचे.

जिगीबोंबो हे माथ्यावरचं गाव सोडलं की पायवाट एका घळीत उतरते आणि कडा समोर न येता आपल्या पाठीशी उभा राहतो. उतरताना तो दिसतच नाही. खाली कानी-कोंबोलेला पोचल्यावर मागे वळून पाहिलं, तेव्हा कळलं आपण कशावरून आलो ते. सह्याद्रीचे काळे कडे पाहून वाढलेल्या डोळ्यांना हा वालुकाश्म आधी मातीचाच वाटतो, गेरू फासल्यासारखा. लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास, उंची काही ठिकाणी पाचशे मीटरपर्यंत. पायथ्याशी दगडांचा ढिगारा, त्यावर गाव, आणि गावापुढे सेनोचं वाळूचं मैदान, ते नजर थकेपर्यंत सपाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेली. इथे जुनं गाव कड्याच्या पोटात, पुढे आलेल्या कातळाच्या छपराखाली आहे आणि ते रिकामं आहे. पोरं-टोरं, बकऱ्या, उखळ-मुसळाचे आवाज सगळे खाली, नव्या गावात. वर चढून गेलं की भिंती, कणग्या, जिने जसेच्या तसे. पाऊस पोचत नसल्यामुळे मातीवर बोटांच्या खुणासुद्धा राहिलेल्या. त्याच्याही वर, जिथे पाय ठेवायला कंगोरासुद्धा नाही अशा ठिकाणी, आणखी छोटी बांधकामं दिसतात. ती दोगोनांची नव्हेत. ती तेलेमांची.

तेलेम या शब्दाचा अर्थच 'आम्हाला इथे सापडलेले' असा आहे. दोगोन पंधराव्या शतकाच्या आसपास पश्चिमेच्या मांदे मुलखातून इथे आले, तेव्हा कड्यावर ही माणसं होती. अकराव्या शतकापासून त्यांनी वरच्या गुहा धान्यासाठी आणि मुख्यतः मृतांसाठी वापरल्या. त्यांच्याही आधी, ख्रिस्तपूर्व काळात, कुणीतरी मातीच्या वळ्या एकावर एक रचून इथे कणग्या बांधल्या होत्या. संशोधक त्यांना तोलोय म्हणतात. म्हणजे या कड्यावर येणारा प्रत्येक जण आधी धान्य ठेवायची जागा बघतो. १९६०-७०च्या दशकांत डच संशोधकांनी त्या गुहा तपासल्या. आत हाडांबरोबर कापडं होती, सुती आणि लोकरी, अरुंद पट्ट्या विणून जोडलेली, नीळ दिलेली. सहाराच्या दक्षिणेला सापडलेल्या सर्वांत जुन्या कापडांत त्यांची गणना होते. त्यातली काही मी बामाकोच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहिली होती. नऊशे वर्षांचा निळा रंग अजून निळा होता.

इतक्या उंचावर ते चढले कसे? वाटाड्याने आधी ठरलेलं उत्तर दिलं: तेलेमांना उडता येत होतं. आम्ही हसलो, तोही हसला. मग त्याने वाटेतल्या गोरखचिंचेकडे बोट दाखवलं. बुंध्याची साल माणसाच्या उंचीपर्यंत गोल सोलून काढलेली आणि पुन्हा भरून आलेली, त्यामुळे झाडाला जाडजूड घडीची चोळी घातल्यासारखी दिसत होती. त्या सालीच्या तंतूंचे दोर वळतात. दोगोन आपल्या मृतांना आजही अशाच दोरांनी ओढून वरच्या गुहांत नेतात. ते सांगताना त्याने 'आजही' या शब्दावर जरा जोर दिला, की मला तसं वाटलं, कोण जाणे. वसईच्या किल्ल्यातली गोरखचिंच मला आठवली. आफ्रिकेहून समुद्रामार्गे आलेलं हे झाड आपण गोरखनाथांच्या नावावर लावून टाकलं आणि तिच्या सालीचं काय करायचं ते मात्र विसरलो, किंवा आपल्याला कधी कुणी सांगितलंच नाही.

गाव खाली का आलं, याचं कारण साधं आहे. कड्यावर घोडा चढत नाही. गुलाम पकडायला येणारे घोडेस्वार शतकानुशतकं खालच्या मैदानातून फिरत होते, तोवर वर राहणं शहाणपणाचं होतं. १८९३ला फ्रेंचांनी बांदियागारा घेतलं, १९२०मध्ये ताबी इथे दोगोनांचा शेवटचा सशस्त्र विरोध मोडून काढला आणि नंतर हळूहळू माणसं शेतं आणि विहिरींजवळ उतरली. निर्णय पुरुषांनी बसून घेतला असेल. पण त्यामागचा रेटा रोज डोक्यावर घागर घेऊन तो दगडांचा जिना चढणाऱ्यांचा असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.

पुरुष बसून निर्णय घेतात ती जागा म्हणजे तोगुना. आपल्या चावडीची दूरची बहीण. लाकडाचे किंवा दगडाचे खांब आणि त्यावर बाजरीच्या ताटांचे थरावर थर देऊन केलेलं, पुरुषभर जाडीचं छप्पर. हे छप्पर मुद्दाम इतकं खाली असतं की आत ताठ उभं राहता येत नाही. वादात कुणी ताडकन उठला तर डोकं आपटतं आणि खाली बसतो. ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि प्रत्येक पाहुणा खूश होतो. माझे सहकारीही झाले. एंदे गावात ते दोघे कोलाच्या बिया घेऊन वाकून आत शिरले, म्हाताऱ्यांशेजारी पसरले. मला बाहेरच थांबायचं होतं. बायका तोगुनात जात नाहीत. छप्पर बुटकं असल्याने मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. उन्हात दगडावर बसून मी ते शांततेचं वास्तुशास्त्र पाहिलं. आतून कसं दिसतं, ते मला त्या दोघांनी नंतर सांगितलं.

आणि त्यामुळेच मला कणगी बघायला मिळाली. शेजारच्या अंगणातून एक आजी मला बराच वेळ न्याहाळत होत्या. त्यांनी हाताने खूण करून बोलावलं. त्यांची नात शाळेत जाणारी, तिला फ्रेंच येत होतं. तिने दुभाषाचं काम माझ्याहून झकास केलं.

अंगणात चार कणग्या होत्या. सगळ्या चौकोनी, माती-भुशाच्या गिलाव्याच्या, दगडांवर उचलून बसवलेल्या, म्हणजे ओल आणि वाळवी लागत नाही आणि उंदराला कष्ट पडतात. तीन घरधन्याच्या. त्यात बाजरी कणसांसकट रचून ठेवलेली. कुठल्या घरात किती आहे हे कणग्या मोजून बाहेरूनच कळतं, सातबारा बघावा लागत नाही. चौथी जराशी लहान. ती आजींची. तिथे बाईची कणगी वेगळी असते.

त्यांनी खाचा पाडलेला लाकडाचा ओंडका, वरून दोन शिंगं फुटलेला, तो भिंतीला टेकवला आणि सत्तरीच्या बाईने चढू नये इतक्या चपळाईने चढल्या. लाकडी किल्ली कुलपात घातली, किंचित उचलली, अडसर सरकला. दार उघडून त्यांनी अर्ध अंग आत घातलं आणि मूठभर भुईमुगाच्या शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या. मग मलाही वर बोलावलं. आत अंधार, आणि शेंगा, कापूस, जुनं कापड यांचा एकत्र वास; माझ्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेला असायचा तसा. बुटक्या भिंतींनी आतल्या जागेचे चार कप्पे केलेले, आणि त्या भिंती जिथे एकमेकींना छेदतात तिथे मधोमध मातीत रोवलेलं एक मडकं. एका कप्प्यात शेंगा, एकात कसलीशी वाळवलेली पानं, एकात घडी घातलेलं निळं लुगडं. मडक्यात काय ते त्यांनी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

"घरधनी उघडतात का ही?" मी विचारलं. नातीने भाषांतर केल्यावर दोघी हसत सुटल्या. बाईला विचारल्याशिवाय नवरा तिच्या कणगीत हात घालत नाही. तिचं पीक, तिने बाजारात कमावलेलं, तिच्या माहेरचं जे काही असेल ते तिथे. दोगोनांचा आठवडा पाच दिवसांचा, त्यामुळे बाजार दर पाचव्या दिवशी. बायका बाजरीची बिअर करून विकतात, कांदा विकतात. तो पैसा या दारामागे जातो.

मग त्यांनी मला विचारलं, "तुझी कणगी कुठे आहे?"

मी म्हटलं, आमच्याकडे बँकेत लॉकर असतो. नवऱ्याच्या आणि माझ्या दोघांच्या नावावर.

नातीला लॉकर समजावून सांगायला वेळ लागला. आजींनी ऐकून घेतलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग ती तुझी कशी?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे. पण लगेच आजींच्या बाजूने भाळून जायलाही मी तयार नव्हते, कारण त्याच गावाच्या कडेला मला गोल भिंतीचं एक खोपट दिसलं होतं आणि ते काय आहे हे सांगावं लागलं नव्हतं. पाळीच्या दिवसांत बायका तिथे राहतात. आमच्या आजोळी माडीखालची एक काळोखी खोली होती. 'कावळा शिवला' की आई, मामी तिथे. ताट बाहेर सरकवायचं. एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८०च्या दशकात दोगोनांच्या एका गावात दोन वर्षांहून अधिक काळ रोज रात्री कोण या खोपटात आहे याची नोंद ठेवली. त्यांच्या हिशोबाने तिथल्या बाईला आयुष्यात साधारण शंभर पाळ्या येतात. शहरी बाईच्या मानाने पाव पट. बाकीची वर्षं गरोदरपणात आणि अंगावर पाजण्यात जातात. खोपटात कोण कधी होतं हे गावाला दिसत राहतं, त्यामुळे मूल कुणाचं याचा हिशोब पुरुषांना ठेवता येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एकाच गावात बाईला कुलूप लावता येणारी एक खोली आहे आणि तिच्यावर लक्ष ठेवता येणारी दुसरी. दोन्ही मातीच्याच, बहुधा एकाच हाताने लिंपलेल्या.

त्या दिवशी भोगी होती. सकाळी तेलीला असताना घरी फोन लागत नव्हता, म्हणून तारीख मनात घोळत राहिली होती. संध्याकाळी अंगणाअंगणात उखळात मुसळं पडायला लागली, दोघी-तिघी एकाच उखळात आळीपाळीने, मध्येच मुसळ हवेत सोडून टाळी वाजवत. कोंडा उडाला आणि वास आला. बाजरी! वास ओळखायला दुभाषी लागला नाही. मी नातीमार्फत थोडं पीठ मागितलं आणि भाकरी थापायचा घाट घातला. जात्यावर दळलेलं ते पीठ नव्हे, कांडलेलं, भरभरीत. उकड काढून पाहिली, तरी भाकरी चार ठिकाणी फाटली. तीन दगडांच्या चुलीवर, खापराच्या तुकड्यावर जी काही भाजली गेली ती तीळ नसलेली, करपलेली भोगीची भाकरी सगळ्या अंगणाने तुकडा-तुकडा खाल्ली. प्रतिक्रिया सौजन्याच्या होत्या. त्यांचा पदार्थ 'तो', म्हणजे बाजरीचीच घट्ट उकड, आणि वर गोरखचिंचेच्या पानांचं हिरवं, भेंडीसारखं बुळबुळीत कालवण. खरं सांगायचं तर तेच जास्त चांगलं होतं.

मला तेव्हा वाटलं होतं, काय योगायोग, यांच्याकडेही बाजरी. योगायोग कसला. मालीच्याच ईशान्येला तिलेम्सीच्या खोऱ्यात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत लागवडीच्या बाजरीचे ठसे सापडले आहेत. तिथून सरकत सरकत, समुद्र ओलांडून ती इसवीसनापूर्वी दीड-दोन हजार वर्षांच्या सुमारास भारतात आली. म्हणजे मी भाकरी तिच्या माहेरी नेऊन तिथल्या बायकांना दाखवत होते की बघा, आम्ही काय शोधून काढलंय.

तिसऱ्या दिवशी, बेन्यिमातोकडे चढण्याआधी, खालच्या एका गावात मी ते दार विकत घेतलं. चटईवर मुखवटे, बाहुल्या, निळी कापडं मांडलेली होती. विकणारा म्हणाला, फार जुनं आहे. दाराला धुराचा वास होता. किंमत त्याने जी सांगितली त्याच्या निम्म्यात सौदा झाला आणि मला आपण हुशार वाटलो. वाटाड्या एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलायचा, तेव्हा मात्र तो पाण्याची बाटली शोधत होता.

पुण्याला परत आल्यावर वाचायला लागले. दोगोनांवर जितकं लिहिलं गेलंय तितकं पश्चिम आफ्रिकेतल्या फार थोड्या समाजांवर असेल. त्याला जोर आला तो मार्सेल ग्रियोल या फ्रेंच अभ्यासकापासून. १९३१ ते १९३३ या काळात डाकारपासून जिबुतीपर्यंत आफ्रिका आडवी पार करणारी त्याची मोहीम पॅरिसला साडेतीन हजारांच्या आसपास वस्तू घेऊन परतली. काही विकत घेतलेल्या, काही पळवलेल्या; पळवल्याचं मोहिमेचा चिटणीस मिशेल लेरीस याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आणि ती १९३४ला छापलीही. पुढे १९४६मध्ये सांगा गावात ओगोतेम्मेली नावाच्या अंध शिकाऱ्याने ग्रियोलला तेहतीस दिवस बसवून विश्वाची उत्पत्ती सांगितली. त्यात अम्मा हा निर्माता (नाव ऐकून फसू नका, हा अम्मा पुरुष आहे) आणि त्याने केलेली मातीची पृथ्वी. पण मला त्यातली एकच गोष्ट चिकटून राहिली. आकाशातून माणसाकडे जे काही आलं, बी-बियाणं, प्राणी, लोहाराची आग, ते सगळं एका कणगीतून उतरलं. आठ कप्प्यांची कणगी, इंद्रधनुष्यावरून घसरत खाली आलेली. देवाने माणसासाठी काय पाठवलं? कोठार.

लोकांना मात्र भुरळ पडली ती दुसऱ्याच गोष्टीची. व्याध ताऱ्याला डोळ्यांना न दिसणारा जोडीदार आहे हे दोगोनांना आधीपासून माहीत होतं, असं ग्रियोलने लिहिलं. मग १९७६मध्ये कुणीतरी त्यावर परग्रहवासीयांचा मजला चढवला. तो जोडतारा दुर्बिणीतून १८६२मध्ये दिसला होता आणि नंतर युरोपातून बरेच जण या भागात येऊन गेले होते, ही साधी गोष्ट तेवढी चटकदार नाही. १९९१मध्ये वाल्टर व्हान बेक या डच अभ्यासकाने अनेक वर्षं तिथे राहून लिहिलं की ही ताऱ्यांची विद्या त्याला गावात कुणाकडेही सापडली नाही. ओगोतेम्मेलीने सांगितलेलं विश्वही त्याला तसं सापडलं नाही. एका म्हाताऱ्याची प्रतिभा, एका पाहुण्याचा उत्साह, मधे दुभाषी. मी या धंद्यातली आहे. तेहतीस दिवसांत मधल्या माणसाच्या हातून काय काय घडू शकतं हे मला ठाऊक आहे.

वाचता वाचता दारांपाशी आले. कणग्यांची कोरीव दारं आणि कुलपं विसाव्या शतकात हजारोंनी बाहेर गेली. दुष्काळाच्या वर्षांत लोकांनी विकली, चोरांनी उचकटली. मागणीला पुरेनात तेव्हा सुतारांनी नवी करून धुरात धरली, वारुळाशी पुरून जुनी केली. १९९३मध्ये अमेरिकेने या कड्यावरच्या गुहांतल्या प्राचीन वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. दारं त्या व्याख्येत बसत नव्हती. तेव्हापासून मी उलटीच प्रार्थना करायला लागले. माझं दार खोटं असू दे. मला फसवलेलं असू दे. विकणाऱ्याने ते महिनाभरापूर्वी चुलीवर धुरकटवलेलं असू दे, म्हणजे कुणाची कणगी उघडी पडलेली नसेल.

दोगोनांचे मुखवटे पुरुषांचेच. बायकांनी जवळही यायचं नाही. पण त्या मुखवट्यांत एक सातिंबे नावाचा असतो, डोक्यावर हात पसरून उभी बाई. मुखवटे पहिल्यांदा सापडले ते एका बाईला, नवऱ्याने ते तिच्याकडून काढून घेतले, तिचा हा मुखवटा. नाचतो पुरुषच. आणि दर साठ वर्षांनी सिगी येतो. पहिला माणूस मेल्याची ती आठवण. युगो-दोगोरूला सुरू होऊन गावोगाव सरकत सात वर्षं चालतो. मागचा १९६७ला सुरू झाला. फ्रेंच चित्रपटकारांनी तो वर्षावर्षाने टिपला. त्याआधीचा १९०७. आपल्या पंचांगातली संवत्सरंही साठच, त्यामुळे हा हिशोब मला परका वाटला नाही. २०२७ला पुन्हा साठ वर्षं भरतात. सिगीच्या काळात काही मुली निवडल्या जातात, यासिगिने म्हणतात त्यांना. मुखवट्यांच्या मंडळात फक्त त्याच बायका असतात. १९६७नंतर निवडलेल्या त्या मुली आता माझ्याच वयाच्या असणार.

पुढचा सिगी होतो का, कुठे होतो, हे मी इथे बसून बघणार. २०१२मध्ये मालीच्या उत्तरेत युद्ध पेटलं आणि काही वर्षांत ते मध्यभागात, कड्यापर्यंत उतरलं. जिहादी टोळ्या आल्या, त्यांच्याविरुद्ध दोगोन तरुणांचं सशस्त्र दल उभं राहिलं, आणि ज्या फुलानी गुराख्यांबरोबर सुगीनंतर शेतात गुरं बसवण्याचा जुना व्यवहार होता, त्यांच्याशीच रक्ताचं वैर झालं. मार्च २०१९मध्ये ओगोसागू या फुलानी गावात सुमारे १६० माणसं मारली गेली. जूनमध्ये सोबान-दा या दोगोन गावात ३५, त्यात २४ मुलं. बुटक्या छपराची ती लाडकी गोष्ट मला त्यानंतर कुणाला सांगवली नाही. छप्पर चावडीतल्या माणसाला बसवतं. मोटरसायकलवरून बंदूक घेऊन आलेला चावडीत शिरतच नाही. दोन्ही बाजूंनी सगळ्यात आधी जाळल्या गेल्या त्या कणग्या. वर्षाची बाजरी जळली की गाव आपोआप उठतं. नंतर युनेस्कोच्या मदतीने काही गावांत तोगुना आणि कणग्या पुन्हा बांधायचं काम सुरू झालं. त्या बातम्यांच्या फोटोंत मी दारं शोधत बसते. नव्या कणग्यांची दारं बहुतेक साधी, कोरीवकाम नसलेली दिसतात.

एंदेच्या त्या आजी तेव्हाच सत्तरीच्या होत्या. नात आता तिशीकडे आली असेल.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी दार भिंतीवरून उतरवलं आणि पहिल्यांदा त्याच्या कडा नीट पाहिल्या. अशा दाराला बिजागरी नसते. एका कडेला वर आणि खाली लाकडाचीच एकेक खुंटी सोडलेली असते. ती चौकटीतल्या भोकात बसते आणि दार तिच्यावर फिरतं. आपल्या जुन्या वाड्यांची दारं अशीच. वरची खुंटी ठीक होती. खालची एका अंगाने झिजलेली, गुळगुळीत, अंगठा ठेवला तर नेमका बसेल अशी. धुराने लाकूड काळं होतं, वारुळाने खडबडीत होतं. अशी एका अंगाची झीज कशाने होते, ते मला माहीत आहे.

मी दार जुन्या साडीत गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. परत कुणाला द्यायचं, कुठल्या गावाला, मधे किती चौक्या. दोन संग्रहालयांना पत्रं लिहिली, त्यांची अतिशय सभ्य उत्तरं आली. भिंतीवर खिळा राहिला आणि भोवती फिक्या रंगाचा हातभर चौकोन.

दोन दिवसांनी कामाला येणाऱ्या मावशी झाडू घेऊन त्या भिंतीसमोर थबकल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "इथलं दार कुणी नेलं?"